उत्तर कोपऱ्यात असते

एका माणसाला वर्षभर जगवायला कमीत कमी किती पैसे लागतील? चव नको, बदल नको, सणवार नकोत. फक्त शरीराला जे जे लागते ते सगळे पुरेसे मिळाले पाहिजे. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली या प्रश्नाचे उत्तर छापले: १९३९ च्या भावांनी ३९ डॉलर ९३ सेंट. तेवढ्यात वर्षाला ३७० पौंड गव्हाचे पीठ, २८५ पौंड वाळलेला घेवडा, १११ पौंड कोबी, २३ पौंड पालक आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे. यादी एवढीच.

ही यादी वाचून जीभ कोरडी पडते. स्वतः स्टिग्लर यांनीही असले जेवण कुणाला सुचवले नव्हते. पण माझे कुतूहल या यादीपेक्षा तिच्यामागच्या प्रश्नाच्या घडणीत आहे. त्या प्रश्नात बरोबरचे चिन्ह कुठेच नाही. शरीर असे म्हणत नाही की मला आज नेमके ७० ग्रॅम प्रथिन हवे, एकाहत्तरावा ग्रॅम चालणार नाही. ते म्हणते, निदान ७० तरी दे. वर कितीही चालेल.

शाळेतले बहुतेक बीजगणित ‘बरोबर’वर उभे असते. क्ष अधिक पाच बरोबर बारा, तर क्ष किती? उत्तर एक, त्याच्याखाली दोन रेघा, पुढचे गणित. जगण्याच्या अटी मात्र क्वचितच अशा बोलतात. मतदानाला वय निदान अठरा पूर्ण हवे. पुलावरून दहा टनांपेक्षा जड गाडी नेऊ नये. बजेट या रकमेच्या आत बसवा, गाडी सुटायच्या आधी पोहोचा, औषधाचा डोस इतक्यापेक्षा जास्त नको आणि इतक्यापेक्षा कमीही नको. किमान, कमाल, निदान, फार तर, आत, वर: आपल्या रोजच्या बोलण्यात हे शब्द इतके मुरलेले आहेत की ते गणिताचे शब्द आहेत हे ध्यानातही येत नाही. गणितात या विधानांना असमानता म्हणतात. त्यांची < आणि > ही चिन्हे १६३१ साली छापून आली, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात. हॅरियट जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. बरोबरचे चिन्ह त्याआधी पाऊणशे वर्षे वापरात होते. ‘किंवा तितकेच’ हे सांगणारी जोडचिन्हे तर १७३४ पर्यंत थांबली. माणसाने ‘किमान’ आणि ‘फार तर’ हे हजारो वर्षे बोलून दाखवले. लिहायला मात्र फार उशिरा घेतले.

स्टिग्लर यांच्यापुढे ७७ खाद्यपदार्थ होते आणि नऊ अटी: उष्मांक, प्रथिन, कॅल्शियम, लोह आणि पाच जीवनसत्त्वे. सत्त्याहत्तर पदार्थ कागदावर काढता येत नाहीत. दोन येतात. म्हणून त्यांच्याच तक्त्यातले दोन पदार्थ घेऊ, गव्हाचे पीठ आणि घेवडा. घेवडा म्हणजे तिकडचे नेव्ही बीन्स, बारीक पांढरे दाणे; आपल्या साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्याच्याच जातीचे. अटीही दोनच घेऊ, रोज निदान ३००० उष्मांक आणि निदान ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम. १९३९ च्या भावाने एका सेंटाला साधारण १२५ ग्रॅम पीठ येत असे. त्यातून सुमारे ४५० उष्मांक आणि २० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळे. एका सेंटाचा घेवडा पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरे. त्यात सुमारे २७० उष्मांक, पण कॅल्शियम ११५ मिलिग्रॅम. म्हणजे पीठ हे उष्मांकांत स्वस्त आणि घेवडा कॅल्शियममध्ये.

आता रोज पिठावर प सेंट आणि घेवड्यावर घ सेंट खर्च केले असे धरा. पहिली अट अशी लिहिता येते:

४५०प + २७०घ ≥ ३०००

सगळ्याला ३० ने भागले की १५प + ९घ ≥ १००. दुसरी अट:

२०प + ११५घ ≥ ८००

म्हणजेच ४प + २३घ ≥ १६०. भुकेचे आणि हाडांचे म्हणणे दोन ओळींत आले. मला हा क्षण गणितातल्या मोठ्या क्षणांपैकी एक वाटतो. मुलांना ‘शाब्दिक उदाहरण’ म्हणून तो भरभर उरकायला लावतात हे वाईट आहे. बोललेल्या वाक्यातून अट निवडून काढायची, तिला अक्षर द्यायचे, चिन्हाचे तोंड कोणत्या बाजूला हे ठरवायचे, यात विचार करावा लागतो. पुढची आकडेमोड यंत्रही करते.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर पिठाचे सेंट, उभ्या अक्षावर घेवड्याचे. कागदावरचा प्रत्येक बिंदू आता एका दिवसाचे जेवण झाला. (५, ३) म्हणजे पाच सेंटांचे पीठ आणि तीन सेंटांचा घेवडा. आरंभबिंदू (०, ०) म्हणजे कडक उपास. पहिल्या अटीत ≥ च्या जागी तात्पुरते बरोबरचे चिन्ह ठेवले की एक सरळ रेघ मिळते. नुसते पीठ खाल्ले तर ३००० उष्मांकांना ६.७ सेंट लागतात, नुसता घेवडा खाल्ला तर ११.१. दोन्ही अक्षांवर हे दोन बिंदू मांडून जोडले की झाले. या रेघेवर नेमके ३००० उष्मांक देणारी सगळी जेवणे आहेत, पिठाची आणि घेवड्याची असंख्य मिश्रणे.

आपल्याला मात्र रेघ नको आहे, तिची एक बाजू हवी आहे. रेघेने कागदाचे दोन भाग केले. एका भागातली सगळी जेवणे अपुरी, दुसऱ्यातली सगळी पुरेशी. कोणता भाग कोणता? दोन्हीकडे असंख्य बिंदू आहेत, पण तपासायचा फक्त एक. आरंभबिंदू घ्या. उपासाच्या दिवशी उष्मांक शून्य. शून्य हे १०० पेक्षा मोठे किंवा तितकेच आहे का? नाही. म्हणून आरंभबिंदू ज्या बाजूला आहे ती अख्खी बाजू बाद. इथे जरा थांबून नवल करायला हवे. एका बिंदूची साक्ष काढली आणि असंख्य बिंदूंचा निकाल लागला. कारण १५प + ९घ ही किंमत कागदावर चालताना हळूहळू बदलते, उडी मारत नाही. शंभराच्या खालून वर जायचे तर वाटेत कुठेतरी नेमके शंभर यावेच लागते, आणि नेमके शंभर फक्त रेघेवर असते. रेघ न ओलांडता बाजू बदलताच येत नाही. शाळेत मुले ‘(०, ०) ठेवून पाहा’ हे पाठ करतात. त्यामागे एवढी सुंदर गोष्ट आहे हे त्यांना सांगायला हवे.

रेघ आपल्या अटीत बसते की नाही, हेही चिन्हच सांगते. ‘निदान ३०००’ म्हटले की ३००० चालतात, म्हणून रेघ अखंड काढतात. ‘३००० पेक्षा जास्तच’ असते तर रेघ तुटक काढली असती. तिथवर कितीही जवळ जा, पण तिच्यावर पाय ठेवू नका असा तिचा अर्थ.

आता दुसरी रेघ. कॅल्शियम नुसत्या घेवड्यातून घ्यायचे तर सात सेंटांत भागते. नुसत्या पिठातून घ्यायचे तर ४० सेंट लागतात, म्हणजे रोज पाच किलो पीठ! ही रेघ कागदावर पसरट पडते, पहिली उभट. इथेही आरंभबिंदू चुकीच्या बाजूला. दोन्ही अटी पाळणारा भाग म्हणजे दोन्ही रेघांच्या वरचा, उजवीकडे आणि वर मोकळा पसरत गेलेला प्रदेश. आणखी दोन अटी आपण बोललोच नाही, कारण त्या सांगाव्या लागतात हे सुचतच नाही: प ≥ ० आणि घ ≥ ०. उणे तीन सेंटांचे पीठ कुणी खाऊ शकत नाही. आपल्याला हे कळते, कागदाला कळत नाही.

या प्रदेशाची खालची किनार मोडत मोडत जाते. तिला तीन कोपरे आहेत. एक उभ्या अक्षावर (०, ११.१), एक आडव्या अक्षावर (४०, ०), आणि मधला, जिथे भुकेची आणि हाडांची रेघ एकमेकींना छेदतात. दोन समीकरणे सोडवली की तो मिळतो, सुमारे (२.८, ६.५).

या प्रदेशात एक गुण आहे, जो डोळ्यांना दिसतो पण सहसा शब्दांत येत नाही. त्यातली कोणतीही दोन जेवणे घ्या, त्यांची सरासरीही त्याच प्रदेशात असते. सोमवारी एक जेवण, मंगळवारी दुसरे. दोन्ही पुरेशी असतील तर दोन दिवसांची मिळून सरासरीही पुरेशीच असणार. म्हणून या प्रदेशाला आत वळलेली खोबण नसते, भोक नसते, समुद्रात सुटलेले बेट नसते. सरळ रेघांनी कापलेला प्रदेश नेहमी असा सलग आणि बाहेर फुगलेलाच असतो, मग रेघा दोन असोत की दोन हजार.

प्रदेश काढून झाला. त्यात बसणारी जेवणे असंख्य. त्यातले सर्वांत स्वस्त कोणते? रोजचा खर्च प + घ. वीस सेंटांची सगळी जेवणे एका तिरक्या रेघेवर येतात. पंधरा सेंटांची तिला समांतर, थोड्या खालच्या रेघेवर. कागदावर एक पट्टी त्या तिरक्या दिशेला ठेवा आणि दिशा न बदलता आरंभबिंदूकडे सरकवत न्या. पट्टी जसजशी खाली येते तसतसे जेवण स्वस्त होते. जोवर ती प्रदेशाला छेदते आहे तोवर आणखी खाली यायला वाव आहे. शेवटी असा क्षण येतो की पट्टी प्रदेशाला फक्त टेकते. केसभर आणखी सरकवली की प्रदेश सुटतो. ती कुठे टेकते? कोपऱ्यावर. आपल्या कागदावर ती मधल्या कोपऱ्यावर टेकते: २.८ सेंटांचे पीठ आणि ६.५ सेंटांचा घेवडा, मिळून ९.३ सेंट. रोजचे साडेतीनशे ग्रॅम पीठ आणि जवळपास अर्धा किलो घेवडा.

सरळ पट्टी, सरळ किनार, मग शेवटचा स्पर्श कोपऱ्यालाच होणार. फार तर पट्टी एखाद्या कडेला समांतर असेल आणि ती अख्खी कडच टेकेल. पण कडेच्या टोकाला कोपरे असतातच. म्हणजे असंख्य जेवणांतून निवड करायचा प्रश्न तीन बिंदू तपासण्याइतका लहान झाला. अनंताचे तीन झाले. गणिताने मला दिलेल्या आनंदांत या एका वाक्याची जागा फार वरची आहे.

आता तिसरी अट घालून पाहू. रोज निदान ७५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. स्टिग्लर यांच्या तक्त्यात पीठ आणि घेवडा दोहोंपुढे क जीवनसत्त्वाच्या रकान्यात शून्य आहे. मग अट होते ०प + ०घ ≥ ७५. डावी बाजू कायम शून्य. कागदावरचा एकही बिंदू ही अट पाळू शकत नाही. प्रदेश पुसलाच जातो. कितीही पैसे ओता, किलोंनी घेवडा शिजवा, स्कर्व्ही टळत नाही. जुन्या दर्यावर्दींना बिस्किटे आणि खारवलेल्या मांसावर महिनोन् महिने काढताना हीच रिकामी आकृती हिरड्यांतून रक्त येऊन कळत होती. असमानतांच्या संचाला उत्तर नसणे हीसुद्धा एक पक्की, कामाची माहिती आहे. ती सांगते की आहे त्या सामानात हे होणार नाही, नवे काहीतरी आणा. इथे कोबी आणा. एका सेंटाच्या कोबीतून पन्नासावर मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळे. स्टिग्लर यांच्या यादीत तो का आला हे आता वेगळे सांगायला नको.

कोबी आणला की तिसरा अक्ष लागतो. कागद सोडून खोलीत यावे लागते. रेघांच्या जागी सपाट भिंती येतात आणि प्रदेश पैलू पाडलेल्या खड्यासारखा दिसू लागतो. पालक आणला की चौथा अक्ष, आणि तिथे डोळे थांबतात. बीजगणित थांबत नाही. ७७ पदार्थ म्हणजे ७७ अक्ष. तिथेही प्रदेश सलग आणि बाहेर फुगलेला, तिथेही उत्तर कोपऱ्यातच. शिवाय तिथे एक नवी गोष्ट कळते: अटी नऊच असतील, तर कोपऱ्यावरच्या जेवणात नऊपेक्षा जास्त पदार्थ नसतात. दुकानात ७७ असोत की ७७ हजार. स्टिग्लर यांची यादी एवढी तोकडी का, याचे कारण त्यांच्या काटकसरीपेक्षा भूमितीत आहे.

पण कोपरे किती? नऊ अटी आणि ७७ पदार्थ यांतून कोपऱ्याच्या जागा होऊ शकतील अशा जोडण्या मोजल्या तर आकडा ४६ हजार कोटींच्या घरात जातो. त्यांतल्या बऱ्याचशा प्रदेशाबाहेर पडतात, तरी एकेक तपासणे माणसाच्या आवाक्यातले नाही. स्टिग्लर यांच्यापाशी काही पद्धतच नव्हती. जो पदार्थ दुसऱ्या एखाद्यापेक्षा सगळ्याच बाबतींत महाग पडतो तो आधी गाळायचा, असे करत त्यांनी यादी पंधरावर आणली आणि पुढे हुशारीने, चाचपडत ३९ डॉलर ९३ सेंटांपाशी पोहोचले. हेच सर्वांत स्वस्त आहे असा त्यांचा दावा नव्हता.

दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँटझिग यांनी रीत शोधली. एका कोपऱ्यावर उभे राहा. तिथून निघणाऱ्या कडा पाहा. जिच्यावरून गेल्यास खर्च कमी होतो त्या कडेने पुढच्या कोपऱ्यावर जा. पुन्हा तेच. कोणतीच कड उतरणीची उरली नाही की थांबा, तेच उत्तर. प्रदेश बाहेर फुगलेला असल्यामुळे मध्येच एखाद्या खोट्या तळात अडकण्याची भीती नाही. याला सिम्प्लेक्स पद्धत म्हणतात. ती पारखायला पहिला मोठा प्रश्न घेतला तो स्टिग्लर यांच्या आहाराचाच. न्यूयॉर्कमध्ये जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली नऊ कारकून हाताने चालवायची गणकयंत्रे घेऊन बसले आणि सगळ्यांचे मिळून सुमारे १२० दिवसांचे काम झाल्यावर उत्तर आले: ३९ डॉलर ६९ सेंट. चाचपडत काढलेल्या उत्तरात आणि नेमक्या उत्तरात वर्षाला फक्त २४ सेंटांचा फरक! डँटझिग यांच्या रीतीइतकेच स्टिग्लर यांच्या अंदाजानेही थक्क व्हायला होते.

या कथेला आणखी वाटा येऊन मिळतात. फ्रान्समध्ये फूरिये यांनी १८२० च्या दशकातच असमानतांचे संच कसे सोडवावेत याचा विचार केला होता, पण त्यांचे नाव झाले ते उष्णतेच्या गणितासाठी. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूडच्या कारखान्यातले लोक एक प्रश्न घेऊन आले होते: कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड चढवावे म्हणजे उत्पादन सर्वांत जास्त होईल? १९३९ साली त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. पश्चिमेला तिचा पत्ता लागायला वीस वर्षे गेली. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कांतोरोविच आणि अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांना विभागून मिळाले. डँटझिग यांना मिळाले नाही. ती चूकच झाली असे माझे मत आहे.

डँटझिग यांचीच एक गोष्ट मला आलेख काढायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगावीशी वाटते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितले. त्यांनी ठरवले की आहार यंत्राला विचारायचा आणि ते जे सांगेल तेच खायचे. पोषणाच्या अटी लिहिल्या, उष्मांकांची मर्यादा घातली. आणि पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून यंत्राला सांगितले की अन्नाच्या वजनातून पाणी वजा जाता जे उरते ते जास्तीत जास्त असू दे. यंत्राने दिलेल्या पहिल्या आहारात ५०० गॅलन व्हिनेगर होते. रोजचे! तक्त्यात व्हिनेगरच्या पाण्याचा रकाना शून्य होता, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते कोरडे, भरगच्च आणि जवळपास बिनउष्मांकाचे अन्न ठरले. डँटझिग यांनी व्हिनेगर यादीतून काढले. पुढच्या खेपेला यंत्राने रोज सूपच्या २०० खारट वड्या सुचवल्या. त्यांनी तीन-चार वड्या गरम पाण्यात घालून पिऊन पाहिल्या. ती शुद्ध मिठवणी होती. पोषणाच्या तक्त्यात मीठ किमान किती हवे ते होते, कमाल किती चालते ते कुणी लिहिलेच नव्हते. मग वड्या तीनपर्यंतच, ही अट आली. मग यंत्राने किलोभर कोंडा खायला सांगितला. मग कोंड्यावरही मर्यादा आली. शेवटी त्यांच्या पत्नी ॲन यांनी यंत्राच्या सूचनांतल्या घेण्याजोग्या तेवढ्या घेऊन आपल्या समजुतीने जेवण ठरवले आणि वजन उतरले.

यंत्राने एकदाही चूक केली नव्हती. दिलेल्या प्रदेशाच्या प्रत्येक वेळी अगदी टोकाच्या कोपऱ्यावर ते इमानदारीने जाऊन उभे राहिले. प्रदेशच चुकीचा काढला होता. कोपऱ्याकडे धावणाऱ्या रीतीचा हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे: जी भिंत बांधायची राहिली असेल, नेमकी तिच्याच दिशेने ती बाहेर पडते. त्यामुळे एखाद्या खऱ्या प्रसंगातून अटींचा संच लिहायचा असेल तर माणसे मोठ्याने बोलतात त्या अटी आधी लिहाव्यात आणि मग बराच वेळ बसून कुणीच न बोललेल्या शोधाव्यात. एका दिवसाला तास चोवीसच. एका भांड्यात मावते तेवढेच शिजते. अर्धी बस भाड्याने मिळत नाही. आई सलग अठरा तास चुलीपाशी उभी राहू शकत नाही. ही शेवटची अट लिहायची किती हिशेबांत राहून गेली असेल!

कोपऱ्याकोपऱ्याने चालण्याची रीत प्रत्यक्षात वेगवान असते, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी मुद्दाम पिळलेला एक बहुमितीय घन रचून दाखवला. त्यावर डँटझिग यांची रीत एकही कोपरा न सोडता सगळे हिंडते. अक्ष ५० असतील तर कोपरे अकरा कोटी कोटींहून जास्त. मग अशी रीत आहे का, जी कधीच अशी अडकणार नाही? १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या खाचियान यांनी ‘आहे’ हे सिद्ध केले, पण त्यांची रीत वापरायला फार संथ होती.

आणि १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले, तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काम करणारे. कडांवरून चालायचेच कशाला, असे जणू त्यांनी विचारले. प्रदेशाच्या आतून जा. मात्र आत उभे असताना भिंत जवळ असेल तर पाऊल आखूड पडते. म्हणून प्रत्येक पावलाला सगळा प्रदेशच असा ताणून घ्यायचा की आपण पुन्हा त्याच्या मधोमध येऊ आणि चारी बाजूंना मोकळी जागा मिळेल. मग लांब पाऊल टाकायचे, पुन्हा ताणायचे, पुन्हा पाऊल. अशी रीत पोटातून थेट उत्तराच्या कोपऱ्याकडे येते, आणि अटी वाढल्या तरी तिचे काम आवाक्यातच वाढते हे त्यांनी सिद्ध केले. त्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातली बातमी पहिल्या पानावर! आज विमानांची वेळापत्रके, वीजनिर्मितीचे नियोजन, मालाची वाहतूक यांचे मोठे हिशेब सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कडेने चालणारी आणि पोटातून जाणारी अशा दोन्ही रीती शेजारी शेजारी असतात. दहावी-बारावीच्या मराठी मुलांना रेषीय असमानता शिकवताना करमरकरांचे नाव निघायला हवे. फळ्यावर तिरक्या रेघा मारून छायांकित केलेला तो त्रिकोण त्यांच्या कामाचे पहिले पान आहे.

कोपरा उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट देतो. आपल्या कागदावर कॅल्शियमची अट ८०० वरून ९०० केली तर ती रेघ थोडी वर सरकते, कोपरा सरकतो आणि रोजचा खर्च सुमारे ०.४ सेंटाने वाढतो. म्हणजे १०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियमची किंमत ०.४ सेंट. ही किंमत कोणत्याही दुकानात लिहिलेली नसते, ती दोन रेघांच्या छेदात असते. प्रत्येक अट आपल्याला किती महाग पडते हे असे मोजता येते. कॅल्शियमची अट थोडी सैल केली तर किती वाचेल आणि भुकेची केली तर किती, हे कागदच सांगतो. जी रेघ कोपऱ्याला स्पर्शच करत नाही ती थोडी सैल करून एक पैसाही वाचत नाही.

हे सगळे वाचून सोडून देऊ नका. आलेखाचा कागद आणि पट्टी घ्या. दोन रेघा काढा आणि ९.३ सेंटांचा कोपरा शोधा. मग स्टिग्लर यांच्या तक्त्यातली आणखी एक अट घाला: रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, रोज निदान २.७ मिलिग्रॅम. एका सेंटाच्या पिठात ते सुमारे ०.३३ मिलिग्रॅम असते, घेवड्यात ०.२५. तिसरी रेघ आपला कोपरा कापून टाकते आणि त्या जागी दोन नवे कोपरे येतात. त्यांतला स्वस्त कोणता ते पट्टी सरकवून ठरवा. खर्च पावणेदहा सेंटांच्या जवळपास आला, तर तुमचा आलेख बरोबर आहे.